अवकाशातला माणूस आणि बीडचे प्रश्न

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे सुटली. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली होती १९९५ मध्ये. जिल्ह्याच्या गावी रेल्वे यायला तीस वर्षं लागली. ती आली तेव्हा चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरून दोन वर्षं होऊन गेली होती आणि शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अठरा दिवस राहून परतल्यालाही दोन महिने झाले होते. या तारखा एकाच कागदावर मांडल्या की बीडमधला कुणीही जो प्रश्न विचारील तो टाळून पुढे जाता येत नाही: आधी रेल्वे, रस्ते, पाणी आणि मग अवकाश, असं का नाही?

आधी पैशांचं बघू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागाची तरतूद सुमारे १३,४०० कोटी रुपयांची होती. एकूण अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या वर. म्हणजे शंभर रुपयांतले सव्वीस-सत्तावीस पैसे. माणूस अवकाशात पाठवण्याचा गगनयान कार्यक्रम, त्याला जोडून आलेला भारतीय अवकाश स्थानकाचा पहिला भाग धरून, २०,१९३ कोटींचा आहे आणि तोही अनेक वर्षांत मिळून. हे पैसे वाचले असते तर बीडची रेल्वे लवकर धावली असती असं मानायला आधार नाही. ती रखडली भूसंपादनात आणि केंद्र-राज्याच्या खर्चाच्या वाटणीत. पैशांचा वाद मी इथेच मिटवतो, कारण त्याहून जड प्रश्न पुढे आहेत.

माणूस पृथ्वीबाहेर टिकवायचा तर त्याला पाणी किती लागेल, त्याचं शरीर किती सोसेल, तिथल्या जमिनीवर हक्क कुणाचा आणि जायची संधी कुणाला, हे ते प्रश्न. त्यांच्या तुलनेत रॉकेट वर उडवणं हे बऱ्यापैकी सुटलेलं गणित आहे. आणि पाणी, शरीर, जमीन, संधी हे चारही प्रश्न बीड जिल्हा रोज जगतो. म्हणून या विषयात बीडने नुसत्या टाळ्या वाजवू नयेत की नाकही मुरडू नये. अवकाशात माणूस जावा, पण कोणत्या अटींवर, हे सांगणाऱ्यांत बीड असावं, असं माझं ठाम मत आहे.

सद्यःस्थिती थोडक्यात अशी. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सोविएत सोयुझ यानातून सॅल्यूत-७ स्थानकावर गेले. त्यानंतर दुसरा भारतीय नागरिक पृथ्वीच्या कक्षेत पोहोचायला एकेचाळीस वर्षं गेली. गगनयानाची घोषणा १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून झाली, तेव्हा लक्ष्य २०२२ चं होतं. ते पुढे सरकत राहिलं. या उशिराबद्दल मी तक्रार करणार नाही. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना तुटलं आणि कल्पना चावलांसह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी निखळलेल्या फोमच्या एका तुकड्याने पंखाला भोक पडलं होतं, एवढं कारण पुरलं. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रोने संकटात माणसांची कुपी रॉकेटपासून वेगळी करून समुद्रात सुखरूप उतरवण्याची चाचणी केली. माणूस चढण्याआधी अशा चाचण्या जितक्या जास्त होतील तितक्या हव्यातच. सरकारचं पुढचं उद्दिष्ट २०३५ पर्यंत स्वतःचं अवकाश स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस असं आहे.

चंद्रावर आजवर बारा माणसं चालली, सगळी अमेरिकन, सगळे पुरुष, १९६९ ते १९७२ या साडेतीन वर्षांत. डिसेंबर १९७२ नंतर तिथल्या मातीवर माणसाचं पाऊल पडलेलं नाही. मंगळाची तर बातच वेगळी. तिथे जाण्याची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते, एका बाजूच्या प्रवासाला सहा ते नऊ महिने, आणि तिथून मदतीची हाक मारली तर ती पृथ्वीवर पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार वीसेक मिनिटंसुद्धा लागू शकतात. मंगळावर पुढच्या वीस-तीस वर्षांत शहरं उभी राहतील अशी जी वर्णनं ऐकू येतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. चंद्र मात्र तीन-चार दिवसांच्या अंतरावर आहे. तिथे अधूनमधून मुक्काम करणारा तळ ही शक्य कोटीतली गोष्ट आहे, आणि तिथपासून बीडचा संबंध सुरू होतो.

बालाघाटाच्या माळावर विहीर खोदताना काठावर उभं राहून पाहावं. वर हात-दोन हात काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक: त्यात बारीक बारीक पोकळ्या आणि त्या पोकळ्यांत पांढऱ्या स्फटिकांचे दाणे. त्याखाली टणक काळा पाषाण. इथे सब्बल चालत नाही, सुरुंग लावावा लागतो आणि फुटलेला दगड यारीने वर ओढावा लागतो. पाषाण फोडून खाली गेलं की परत मांजऱ्या, परत पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर वाहत आला, त्याचे हे थर. पाणी लागतं ते दोन थरांच्या सांध्यात किंवा खडकाच्या भेगेत. नाही लागलं तर पाचशे फुटांचं बोअरही कोरडं जातं आणि कर्ज तेवढं उरतं. हा खडक म्हणजे बेसॉल्ट. पौर्णिमेच्या चंद्रावर जे काळे डाग दिसतात तेही बेसॉल्टचीच मैदानं आहेत, आपल्या खडकाहून कितीतरी पटींनी जुनी. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन उतरले ते अशाच एका मैदानावर. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर हे बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेल्या आणि चांगल्या टिकलेल्या विवराचं पृथ्वीवरचं दुर्मीळ उदाहरण. चंद्र-मंगळावरच्या विवरांशी ताडून पाहण्यासाठी अभ्यासक तिथे येतात ते त्यामुळेच.

चंद्रावर तळ बांधायचा तर सिमेंट-लोखंड पृथ्वीवरून नेणं परवडणार नाही. तिथलीच माती भाजून, वितळवून, दाबून विटा करायच्या, यावर जगभर प्रयोग चालू आहेत. त्यासाठी चांद्रमातीसारखी कृत्रिम माती लागते. इस्रोने चंद्रावरच्या उंच प्रदेशांतल्या मातीची नक्कल तामिळनाडूतल्या नामक्कलकडच्या ॲनॉर्थोसाइट खडकापासून केली. काळ्या मैदानांच्या मातीची नक्कल मात्र बेसॉल्टमधून होते, आणि बेसॉल्टची भुकटी आमच्याकडे प्रत्येक खडी क्रशरच्या बाजूला ढिगाने पडलेली असते. बीड-अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी या भुकटीच्या विटा भट्टीत आणि सौर आरशांखाली भाजून पाहाव्यात, त्यांची ताकद मोजावी, निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. याला परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. आणि चंद्राचं पुढे काहीही होवो, सिमेंटशिवायची मजबूत वीट तर इथेच कामाला येईल.

चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर मातीत खुपसायचा एक तापमापक होता. त्याने दाखवलं की पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर तापलेला असताना आठच सेंटिमीटर खाली उणे दहा अंश होते, इतकी ती माती उष्णता अडवते. किरणोत्सर्गापासून वाचायलाही तिथल्या घरांवर मातीचा जाड थर घालावा लागणार आहे, दोन-तीन मीटरचा. जाड भिंती आणि छपरावर पांढऱ्या मातीचा थर असलेल्या माळवदाच्या घरात ज्यांनी वैशाख काढला आहे त्यांना या बांधकामामागचा विचार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता पाणी. २००८ मध्ये गेलेल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणांनी चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश असल्याचं दाखवलं आणि सप्टेंबर २००९ मध्ये ते जाहीर झालं. ध्रुवांजवळच्या, कधीच ऊन न लागणाऱ्या खड्ड्यांत बर्फ आहे, म्हणून आज सगळ्यांची नजर दक्षिण ध्रुवावर आहे. पण तो बर्फ काढून वापरणं अजून कुणी केलेलं नाही. तोवर पाणी सोबत न्यायचं आणि पुन्हा पुन्हा शुद्ध करून प्यायचं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात माणसाचं मूत्र, घाम, श्वासातली वाफ हे सगळं गोळा होतं, गाळलं जातं आणि पुन्हा पिण्यात येतं. २०२३ मध्ये नासाने सांगितलं की तिथे ९८ टक्के पाणी परत मिळवता येऊ लागलं आहे. पिणं, अन्न शिजवणं आणि अंग पुसणं मिळून तिथे एका माणसाला दिवसाला सुमारे चार लिटर लागतं.

आमच्याकडे टंचाईत टँकरने पाणी द्यायचं तर खेड्यात माणशी वीस लिटरचा निकष. पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, पण सरासरीला घशाखाली उतरवता येत नाही. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडं पडलं, म्हणून शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता, यंत्रं होती, कामगार होते, पाणी नव्हतं. चंद्रावरच्या तळाची आखणी करणाऱ्यांसाठी परळीचा तो अनुभव अभ्यासाचा विषय व्हायला हवा.

अवकाश स्थानकातलं पाण्याचं यंत्र खेड्यात आणून बसवा, असं मी म्हणणार नाही. ते अतिशय महाग आहे आणि सहा-सात माणसांपुरतं आहे. घेण्यासारखी आहे ती त्यामागची शिस्त: किती आलं, किती गेलं, किती परत आलं, याचा रोजचा चोख हिशेब. ही शिस्त पहिल्यांदा लागू करण्याजोगी जागा म्हणजे साखर कारखाना. उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे एका टनात सातशे लिटर. गाळपात रस आटवताना ते वाफ होऊन निघतं आणि थंड करून परत मिळवता येतं. काही कारखाने ते वापरतातही. दुष्काळी जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्याने या पाण्याचा हिशेब गेटवर फळ्यावर लिहावा, अशी सक्ती करायला कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.

पाण्यानंतर शरीर. वजनरहित अवस्थेत माणसाच्या कमरेच्या आणि मांडीच्या हाडांतलं सत्त्व महिन्याला एक ते दीड टक्का घटतं. स्नायू विरतात, डोळ्यांच्या मागचा दाब बदलून नजर बिघडते. म्हणून स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम सक्तीचा. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून २०२४ मध्ये काही दिवसांसाठी गेले आणि यानातल्या बिघाडामुळे २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतले. त्यांना स्ट्रेचरवर उतरवलेलं सगळ्या जगाने पाहिलं. किरणोत्सर्गाचा धोका याहून चिवट आहे. मंगळावर गेलेल्या क्युरिऑसिटी गाडीने वाटेत केलेल्या मोजणीवरून निघालं की नुसत्या जाण्या-येण्याच्या प्रवासात माणसाला ०.६६ सीव्हर्ट इतका मारा बसेल. नासाने आपल्या अंतराळवीरांसाठी आखलेली संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ०.६ आहे. मंगळाच्या स्वप्नासमोरची सगळ्यात पक्की भिंत मला हीच दिसते, आणि मोठं रॉकेट बांधून ती पडत नाही.

अंतराळवीराच्या शरीराची इतकी काळजी घेतली जाते याचा मला आदर वाटतो. जाण्याआधी, तिथे असताना, परतल्यावर आणि पुढे आयुष्यभर त्याची तपासणी होते. हाडाचा प्रत्येक टक्का कुणीतरी लिहून ठेवतं. हे वाचताना मला बीडच्या ऊसतोड बाया आठवतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा एक कोयता गाव सोडतो, फडाजवळ पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोप उभी राहते, पहाटेपासून तोड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणं, आणि पाणी लांबून आणायचं. या बायांच्या शरीराची मोजणी सरकारने केली ती २०१९ मध्ये, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा राज्यभर झाल्यावर. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, खाडा केला तर मुकादमाला पैसे भरावे लागतात, फडावर शौचालय नाही, दुखणं अंगावर काढायचं. या सगळ्याचा शेवट शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

गगनयानासाठी बंगळुरूच्या हवाई दलाच्या वैद्यक संस्थेत माणसाच्या शरीरावर जे संशोधन होत आहे त्यात हाडांची झीज, निर्जलीकरण, उष्णतेचा ताण, दीर्घ एकटेपणा हे विषय येतातच. त्यातली मोजण्याची साधनं लहान, हलकी आणि अंगावर बाळगण्याजोगी असतात, कारण यानात जागा नसते. नेमकी अशीच साधनं अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांना फडावर न्यायला हवी आहेत. दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ऊसतोड बाईच्या हाडांचा, रक्ताचा आणि पाण्याचा हिशेब एका गाळप हंगामात ठेवला, तर अवकाशवैद्यकालाही त्यातून शिकायला मिळेल. आजवर अवकाशात गेलेल्यांत बायका थोड्या, त्यांच्या शरीराविषयीची माहितीही थोडी.

अवकाश तंत्रज्ञानाचा जो भाग बीडच्या शेतात आधीच उतरला आहे तो म्हणजे उपग्रहाची नजर. याची सुरुवात करून देणाऱ्यांत मराठी माणसं होती. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस थुंबा आणि श्रीहरिकोटा या जागा निवडण्याच्या कामात होते आणि १९७५-७६ च्या 'साइट' प्रयोगाच्या आघाडीवरही, ज्यात उपग्रहावरून २,४०० खेड्यांना शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम दाखवले गेले. ती खेडी सहा राज्यांतली. कर्नाटकातल्या गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर जिल्ह्यांतही दूरचित्रवाणी संच पोहोचले. हैदराबाद संस्थानात ज्या गुलबर्ग्याबरोबर बीडने दिवस काढले ते यादीत होतं, महाराष्ट्र नव्हता. वसंत गोवारीकरांनी तर रॉकेटच्या घन इंधनावर आयुष्याची ऐन वर्षं घालवली आणि १९८८ मध्ये मान्सूनच्या अंदाजाचं सोळा घटकांचं प्रारूप उभं केलं. रॉकेट आणि पाऊस ही दोन वेगळी खाती त्यांच्या मनात नव्हती.

आज त्या नजरेचं काय होतं ते सोयाबीनच्या वावरात उभं राहून समजून घ्यावं. पीक विम्यासाठी महसूल मंडळात ठरावीक प्लॉट निवडून पीक कापणी प्रयोग होतो. दोरी आणि खुंट्यांनी दहा बाय पाच मीटरची जागा आखायची, तिथलं पीक कापून, मळून, वजन करायचं. असे मोजके प्रयोग आणि त्यावरून अख्ख्या मंडळाचं सरासरी उत्पादन. यात गफलतीला वाव आहे, म्हणून २०२३ च्या खरिपापासून राज्याने भात, सोयाबीन आणि कापसासाठी उपग्रहावर आधारलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन दिलं. निर्णय योग्य दिशेचा आहे. पण एकरभर रान म्हणजे चार हजार चौरस मीटर. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाचा नेहमीच्या वापरातला एक कॅमेरा ज्या चौकोनाला एकच ठिपका मानतो त्याची बाजू साडेतेवीस मीटर. एका एकराचे ठिपके झाले सात. त्यात सोयाबीनमध्ये तुरीचे तास, बांधावर बाभळी, कोपऱ्यात खड्डा. वर पावसाळ्याचे ढग, म्हणजे ऐन वाढीच्या दिवसांत कॅमेऱ्याला जमीनच दिसत नाही.

म्हणून ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार उपग्रह मला गगनयानाइतकाच महत्त्वाचा वाटतो. नासा आणि इस्रो यांनी मिळून बांधलेल्या या उपग्रहावर दोन तरंगलांबींचे रडार आहेत. ते ढगांतून आणि अंधारातूनही पाहू शकतात, दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातात, मातीतला ओलावा आणि जमिनीचं सेंटिमीटरभर खचणंही टिपू शकतात. त्याची माहिती सगळ्यांना खुली ठेवायचं ठरलेलं आहे. आता ती मंडळ आणि गाव पातळीवर, मराठीत, वेळेवर पोहोचवायचं काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने अंगावर घ्यावं.

वेळेवर आणि गाव पातळीवर या दोन शब्दांवर मी अडून बसतो याला कारण आहे. २०२३ मध्ये राज्याने केंद्राच्या निकषांनुसार ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत बीडमधले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. वनस्पतींचा हिरवेपणा, मातीतली ओल हे उपग्रहावरचे निर्देशांक त्या निकषांत आहेत. यादी आली आणि राज्यभर ओरड झाली, कारण तालुक्याच्या सरासरीत कोरडी मंडळं बुडून गेली होती. मग नोव्हेंबरमध्ये आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मान्य करावी लागली. आकाशातल्या आकड्याची आणि बांधावरच्या वस्तुस्थितीची गाठ घालून देणारा माणूस गावात नसेल तर उपग्रह शेतकऱ्याच्या विरोधातही साक्ष देऊ शकतो. माझी मागणी साधी आहे: ज्या ठिपक्यांवरून माझं वावर हिरवं ठरलं ते ठिपके मला दाखवा, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस द्या.

अवकाशातून आपल्या डोक्यावर काय पडेल, हाही प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ, खानदेशासह राज्याच्या मोठ्या भागातून आकाशात जळत जाणाऱ्या रेघा दिसल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपास धातूचे गोळेही सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं अभ्यासकांचं मत पडलं. माणूस दगावला नाही हे नशीब. पुढच्या काळात उड्डाणं वाढणार, उपग्रहांचे थवे हजारांत आहेत, ते जुने होऊन खाली येणार. नुकसान झालं तर पाठवणाऱ्या देशाने भरपाई द्यावी असा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताचीही त्यावर मान्यता आहे. पण गोठ्यावर तुकडा पडला तर पंचनामा कुणी करायचा, दावा कुणी लावायचा, हे तहसीलदाराच्या हाती लेखी असायला हवं.

आणि वरची जमीन? १९६७ च्या करारानुसार चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. मात्र तिथून काढलेलं खनिज किंवा पाणी कुणाचं, यावर मतभेद आहेत. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून आपल्या कंपन्यांना अशा मालाची मालकी दिली. चंद्र ही सगळ्या मानवजातीची ठेव मानणाऱ्या १९७९ च्या करारावर भारताने १९८२ मध्ये सही केली, पण तो मंजूर केला नाही. जून २०२३ मध्ये आपण अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारात सामील झालो. आणि त्याच वर्षीच्या भारतीय अवकाश धोरणाने खाजगी कंपन्यांना अवकाशातली साधनसंपत्ती काढून विकायची मुभा दिली. एवढा मोठा बदल झाला आणि त्यावर मराठीत चर्चा जवळपास झालीच नाही. पवनचक्क्यांसाठी माळरानाचे करार करताना काय वाचायचं राहून गेलं हे बालाघाटावरच्या गावांना चांगलं कळलेलं आहे. आधी सामायिक म्हणायचं, मग आधी पोहोचेल त्याचं, असा रिवाज चंद्राच्या ध्रुवावरच्या मूठभर बर्फाळ जागांत पडू नये. भारत आता उशिरा पोहोचणाऱ्यांत नाही, पण उशिरा पोहोचणाऱ्यांची बाजू त्याने सोडू नये.

शेवटचा प्रश्न जाणार कोण. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेले गगनयानाचे चारही अंतराळवीर, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला, हवाई दलाचे चाचणी वैमानिक. पहिल्या उड्डाणांना हे योग्यच आहे. पण स्थानक झालं की डॉक्टर, भूशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ लागतील. भूशास्त्रज्ञाने बेसॉल्टच्या प्रदेशात वाढलेलं असणं हा तर गुणच.

गोदावरीच्या या पट्ट्याला आकाशाचा अभ्यास नवा नाही. माजलगावहून गोदावरी ओलांडली की पाथरी लागतं, जुनं पार्थपूर. १५०३ च्या सुमारास तिथे ज्ञानराजाने 'सिद्धान्तसुंदर' हा खगोलग्रंथ लिहिला. गोदाकाठच्याच गोलग्रामच्या ज्योतिषी घराण्यातला कमलाकर सतराव्या शतकातला मोठा खगोलज्ञ, पण तोवर ते घराणं काशीला गेलेलं होतं. विद्येला आश्रय जिथे तिथे ती जाते. पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने जागतिक ताराचित्र प्रकल्पात लाखो ताऱ्यांची स्थानं मोजली, तीही बीड ज्या संस्थानात होतं त्याच संस्थानाच्या पैशाने. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. मराठवाड्यात एवढं मोठं विज्ञानयंत्र प्रथमच येत आहे. तिथे निर्वात नळ्या, लेसर, शीतकरण सांभाळणारे हात लागतील, आणि त्यासाठीचे अभ्यासक्रम बीड-हिंगोलीच्या आयटीआयमध्ये आजच सुरू व्हायला हवेत.

वर जाणाऱ्या वाटा अगदीच नाहीत असं नाही. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते. मुलींसाठी अशी संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. तिरुअनंतपुरमला अवकाश विज्ञान आणि तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे. पुणे जिल्हा परिषदेने आयुकाच्या मदतीने परीक्षा घेऊन २०२५ मध्ये आपल्या शाळांतली पंचवीस मुलं नासा पाहायला पाठवली. आणि इस्रोचा 'युविका' कार्यक्रम २०१९ पासून नववीच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत इस्रोच्या केंद्रांत नेऊन शिकवतो. निवडीत ग्रामीण शाळेत शिकण्याला वेगळे गुण आहेत, म्हणजे बीडच्या मुलांचं पारडं आधीच थोडं जड.

फक्त युविकाचे अर्ज भरायचे असतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऑनलाइन. त्या दिवसांत गाळप हंगाम चालू असतो आणि बीडची कितीतरी नववीतली मुलं आई-बापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात, नाहीतर गावात आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. मागे राहिलेल्यांचे अर्ज तरी वसतिगृहाच्या पटावरून शाळेने स्वतः भरावेत. फडावर गेलेल्या नववीच्या मुलांची यादी साखर आयुक्तालयाकडून घेऊन कारखान्याच्या गट कार्यालयातल्या संगणकावर त्यांचे अर्ज भरून घेण्याचं काम शिक्षण विभागाने करावं. शेवटच्या तारखेआधी दोन आठवडे पुरतात.